भाजकी माती

प्रताप नगर, नागपूर

प्रिय सखू,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच कुशलला हाक मारून काही विचारू नकोस. पाकीट तोच घेऊन येईल, पण आत काय आहे हे तुझ्या मुलाला ठाऊक नाही, आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून मी लिहिते आहे, असे तुला वाटेल. ते अर्धेच खरे. तू फोन उचलला असतास तरी मी लिहिलेच असते, कारण तोंडी बोलण्यात तुझ्यापुढे माझे आजवर कधी चाललेले नाही. उमरेडच्या शाळेतला तो वादविवाद आठव. विषय होता, यंत्रमाग चांगला की हातमाग. मी यंत्रमागाच्या बाजूने मुद्दे क्रमाने मांडले, आक्षेप स्वतःच उपस्थित करून स्वतःच खोडले. तू उठलीस आणि परीक्षकांकडे बोट दाखवून एवढेच म्हणालीस, "यंत्रमाग येवढा चांगला असन तं मास्तर, तुम्ही धोतर काहून आमच्या घरच्या मागावरचं नेसता?" बक्षीस मला मिळाले, टाळ्या तुला. नंतर मी जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, पण त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. कागदावर मात्र तू मला मध्येच थांबवू शकत नाहीस.

आधी बातमी. तुझी सून, माझी ऋतुजा, बरी आहे. नववा महिना सरत आला, पायांवर थोडी सूज आहे, बाळ खाली सरकले आहे. रक्तातल्या विषाणूंच्या नव्या तपासणीचा अहवाल मागच्या आठवड्यात आला. मागच्या वेळी वाढलेले प्रमाण आता यंत्राला मोजता येऊ नये इतके खाली गेले आहे. डॉक्टर गौरांग, ज्याला तू त्याच्या तोंडावर "हे पोट्टं काय सांगते" म्हणाली होतीस, तो म्हणतो की हे असेच राहिले तर साधी प्रसूती होऊ शकेल आणि बाळाला लागण होण्याची शक्यता फार थोडी. "नाही" असे तो म्हणत नाही, "फार थोडी" म्हणतो. मला ही काटेकोर भाषा आवडते. जन्मल्यावर बाळाला काही आठवडे औषध पाजावे लागेल, मग त्याची तपासणी होईल.

एवढे कुशलने तुला सांगितलेच असेल. त्याला जे ठाऊक नाही ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागते.

लग्नाची बोलणी करायला मी सावनेरला आले, तेव्हा सगळे आधी सांगितले होते. माझी धाकटी बहीण कुंदा एचआयव्हीने गेली. तिच्या पोटी जन्मताना ऋतुजालाही लागण झाली, कारण आईकडून बाळाकडे जाणारी ही वाट अडवता येते हे तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ती लहानपणापासून माझ्या घरी वाढली, औषध घेत वाढली, आणि रोज एक गोळी घेतली की तिच्यापासून नवऱ्याला वा बाळाला सहसा धोका राहत नाही. मी हे सारे बोलत असताना तुझे यजमान बाबनराव छताकडे पाहत होते, कुशल माझ्याकडे, आणि तू तांदूळ निवडत होतीस. माझे संपल्यावर तू विचारलेस, "रोज घेते ना पोट्टी गोळी? मंग झालं. माही बीपीची अन् तिची, दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवू." मी तयार करून आणलेले निम्मे युक्तिवाद तसेच परत घेऊन गेले. त्या दिवसापासून तुझ्याविषयी माझे मत कधी बदलले नाही, हे पुढचे वाचताना लक्षात ठेव.

आता हॉस्पिटलातल्या त्या दिवसाकडे येते. हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाच्या आगेमागे बायकांच्या रक्तात औषध किती उरते, याचा अभ्यास चालू आहे, आणि ऋतुजाने त्यात स्वतःहून नाव दिले होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाईच्या अंगातले पाणी वाढते, शरीर औषधाचा निचराही लवकर करते. त्यामुळे तीच गोळी घेऊनही रक्तात औषध कमी सापडते, आणि बाळंत झाल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा वर चढते. हा उतार डॉक्टरांना अपेक्षित असतो, आणि बहुतेकींना त्याने बाधा होत नाही. ऋतुजाचा उतार अपेक्षेच्या पार खाली होता, आणि विषाणू वर आला होता. समुपदेशक बाईने विचारले, मध्ये गोळ्या चुकल्या का? ऋतुजा "नाही" म्हणाली, पण म्हणताना तिने नजर चोरली. ते मी पाहिले, तू पाहिलेस, कुशलने पाहिले. त्या बाईने सौम्यपणे सांगितले की काही जणींना मळमळते, त्या गोळी तोंडात धरतात आणि मागाहून थुंकतात. त्यावर तू बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांसमोर ओरडलीस, "खोटं काहून बोलून राहिली वं? माह्यावर नाही तं नाही, पोटातल्या लेकरावर तरी दया कर!" ऋतुजाने तुझ्याकडे पाहिले, मग कुशलकडे. कुशल मान खाली घालून चपलेचा पट्टा नीट करत राहिला.

मी तुला दोष देत नाही. दोष अनुमानात होता, आणि ते आपण तिघांनी मिळून केले होते. गोळी घेतली नाही तर रक्तात औषध सापडत नाही, हे खरे. पण रक्तात औषध पुरेसे सापडले नाही, म्हणून गोळी घेतलीच नाही, हे त्यातून निघत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण ओले दिसले म्हणजे पाऊसच पडला असे नव्हे, कोणी सडा घातला असेल. आणि ऋतुजा काहीतरी लपवते आहे, हे आपण अचूक ओळखले होते. काय लपवते, हे मात्र शोधण्याऐवजी आपण ठरवून टाकले.

नंतर तिला वॉर्डात ठेवून घेतले. रोज परिचारिका समोर उभी राहून गोळी देई. रक्तातले औषध गरोदर बाईत असायला हवे तेवढे वर आले. कुशलने मला फोन केला. "मावशी, आता तं सिद्धच झालं ना. समोर उभं राहून दिली तं चढलं." मी म्हटले, दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर परिणाम कोणत्या एकीचा हे सांगता येत नाही. त्याने विचारले, दुसरी कोणती? मी म्हटले, ते मला अजून ठाऊक नाही. "तुमच्यासंगं बोलणं म्हणजे मावशी..." एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. मला खरोखरच ठाऊक नव्हते. सावनेरच्या घरात काहीतरी होते आणि वॉर्डात ते नव्हते, एवढीच माझी पकड होती.

वॉर्डातून ती तुझ्याकडे न जाता माझ्याकडे आली. गोळी ती रात्री झोपण्याआधी घेते. त्या वेळी मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसत असे आणि टीव्हीचा आवाज वाढवत असे, कारण देखरेख आणि ती दुसरी अज्ञात गोष्ट या दोहोंतली एक तरी बाजूला काढायची होती. तिच्या ते लक्षात आले. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तू माह्यावर विश्वास ठेवून राहिली का प्रयोग करून राहिली?" मी म्हटले, दोन्ही. "वा," ती म्हणाली, "दोन्हीत माह्या वाट्याले टीव्हीचा कल्लाच हाये."

पहिल्याच आठवड्यात माझ्या माठावरच्या मातीच्या झाकणीची कड कुरतडलेली दिसली. मी उंदराला दोष दिला आणि पिंजरा आणून ओट्याखाली ठेवला, आत पोळीचा तुकडाही लावला. ऋतुजा पिंजऱ्याकडे पाहून हसू लागली. पोट धरून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "मावशी, उंदीर मीच आहे."

सहाव्या महिन्यापासून तिला मातीचे डोहाळे होते. सावनेरला ती रोज रात्री भाजक्या मातीच्या वड्या खात असे. गोळीनंतर तोंडात जी कडवट मळमळ येते, ती मातीने जाते म्हणाली. समुपदेशक बाईसमोर नजर चुकवली ती यासाठी. चोरी होती, पण गोळीची नव्हती. माती कोण आणून देत होते, हे विचारल्यावर तिने डोळे पुसले. "मिळते. नाव विचारू नको. तू लगेच कोर्ट भरवशीन." मी त्या दिवशी पुन्हा नाव विचारले नाही. माती मात्र बंद करायला सांगितली, आणि तिने ती केली. झाकणी मी अजून बदललेली नाही, आणि तिची कड त्यानंतर आणखी कुरतडलेली नाही.

डॉक्टर गौरांगला हे सांगितले, तेव्हा त्याने पेनाचे टोपण लावले. मग म्हणाला, "आम्ही दूध विचारलं, कॅल्शियम विचारलं, लोह विचारलं. माती विचारायचं सुचलंच नाही." त्याने समजावले ते असे: या औषधाला कॅल्शियम, लोह यांसारखी खनिजे पोटातच पकडून ठेवतात, आणि पकडलेले औषध रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. म्हणून कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे तो बायकांना सांगतोच. मातीतही अशीच खनिजे असतात, आणि माती स्वतःही औषध धरून ठेवते. रात्री जवळजवळ रिकाम्या पोटी, गोळीच्या पाठोपाठ, रोज, आणि त्यात गरोदरपणाचा उतार. त्याच्या मते स्पष्टीकरण जुळते. त्याने ऋतुजाला समोर बसवून सांगितले, "ताई, मी चुकीचा प्रश्न विचारला होता." ती म्हणाली, "उत्तर तं मीही पुरं दिलं नोव्हतं ना."

मग काही आठवडे ती माझ्या घरी, कोणाच्याही देखरेखीशिवाय, मातीशिवाय गोळी घेत राहिली. पुन्हा रक्त घेतले. औषधाची पातळी वॉर्डातल्या इतकीच निघाली, आणि विषाणू मी वर लिहिल्याप्रमाणे खाली गेला. म्हणजे फरक पडला तो परिचारिकेच्या नजरेने नव्हे. कुशलला एवढे कळवले की कारण माती होती. तो त्याच संध्याकाळी आला, स्वयंपाकघरात तिच्यासोबत जमिनीवर बसला आणि मेथी निवडू लागला. त्याने क्षमा मागितली की नाही, हे मला ठाऊक नाही. दोन जुड्या मेथी निवडून झाली, आणि तो जेवूनच गेला.

येथे एक आक्षेप राहतो, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. शंकेखोर माणूस म्हणेल, पकडली गेली म्हणून मुकाट्याने गोळ्या घेऊ लागली असेल. माती हे निमित्त. या आक्षेपाचे खंडन मला रक्ताच्या कोणत्याही आकड्यावरून करता येत नाही. तिथे मी फक्त तिच्या शब्दावर थांबले होते, आणि साऱ्या आयुष्यात इतक्या कमी आधारावर मी कधी उभी राहिले नव्हते. त्या आक्षेपाला उत्तर देऊ शकणारी एकच व्यक्ती आहे, हे मला मागच्या रविवारी कळले.

रविवारी कुशलने तुझा तिळाच्या लाडवांचा डबा आणला. लाडू काढून घेताना तळाशी, कागदाखाली, इथल्या इतवारी बाजारातल्या दुकानाची दोऱ्याने बांधलेली पुडी सापडली. सोडून पाहिली. भाजक्या मातीच्या वड्या होत्या. ऋतुजा माझ्या हातातून ती पुडी घेऊन सरळ मागच्या दारी गेली आणि जास्वंदाच्या कुंडीत रिकामी करून आली. मग ओट्याला टेकून तिने सगळे सांगितले. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराच्या तोंडातून लाळ गळत राहते, म्हणून तू स्वतः इतवारीच्या गल्ल्या फिरून ती माती आणलीस. आणि तू नियम घातला होतास: आधी गोळी, मग वडी. रोज रात्री, कुशल खोलीत येण्याआधी, तू तिच्या खाटेशी बसायचीस. तिने गोळी गिळली की म्हणायचीस, "आ कर. जीभ वर कर." आणि लहान मुलीसारखे तोंड तपासून मगच वडी तिच्या हातावर ठेवायचीस. वर बजावायचीस, "तुह्या मावशीले सांगजो नको, ते मले पिंजऱ्यात उभी करीन."

सखू, तू रोज पाहिले होतेस. गोळी घशाखाली गेलेली तू तुझ्या डोळ्यांनी पाहिली होतीस, आणि तरी त्या बाकावर तू स्वतःच्या डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवलास. प्रत्यक्ष पाहिलेले हे अनुमानापेक्षा बलवान प्रमाण असते, हे मी पंचवीस-तीस वर्षे मुलांना शिकवले. तुला शिकवण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. आणि ऋतुजाला एका वाक्यात स्वतःला सोडवता आले असते. "आईंना विचारा, मी रोज त्यांच्यासमोरच गोळी घेते," एवढे म्हटले असते की पुरे होते. पण पुढचा प्रश्न मातीचा आला असता, आणि मातीनंतर तुझा. म्हणून तिने खोटारडी हे नाव घेतले आणि वॉर्डात गेली.

तू जाणूनबुजून काही केले नाहीस, याचा पुरावा ती रविवारची पुडीच आहे. कुशलने तुला माती कारण होती हे सांगितलेले नाही, हे मी त्याच्याकडून काढून घेतले आहे. "आईले कायले सांगू, ते म्हणन तूच खाऊ दिली," असे तो हसत म्हणाला, आणि मी हसले नाही. ज्या सुनेला तू चारचौघींत खोटारडी म्हणालीस, तिच्यासाठी महिन्याभराने पुन्हा इतवारीला जाऊन तू माती आणलीस आणि लाडवांखाली दडवून पाठवलीस. रागाचा आणि या पुडीचा मेळ मला कोणत्याही नियमाने घालता येत नाही. घालण्याची गरजही नाही. यापुढे मात्र माती नको, एक वडीही नको. बाळंतपणानंतर तू विडा देशील. त्यातल्या चुन्याचे आधी डॉक्टरांना विचार. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तिला दुपारच्या जेवणाबरोबरच दे. गोळी रात्री ती स्वतः घेईल, तोंड तपासू नकोस.

हे सारे तुला सांगू नये अशी ऋतुजाची इच्छा आहे. "आईले सांगजो नको, तिनं लाडानं दिलं," असे ती म्हणाली, आणि मी "बरं" म्हटले नाही. मी बरे म्हटले नाही, हे तिच्या लक्षात आले नाही. तेव्हा तुला कळले आहे, हे तिला कळू देऊ नकोस. तुला त्रास होऊ नये म्हणून तिने जे सोसले, ते वाया गेले असे तिला वाटता कामा नये. खोटेपणाचा आरोप मात्र तुला परत घ्यावा लागेल, आणि तो चारचौघींसमोर, मोठ्याने, कारण केला होतास तोही तसाच. कारण म्हणून एवढेच सांग की तू रोज तिला गोळी घेताना पाहिले होतेस. ते खरे आहे, आणि पुरेसे आहे.

आता मी हे का लिहिले ते सांगते. काल तपासणीसाठी गेलो, तेव्हा परिचारिकेने सांगितले की प्रसूतीच्या खोलीत घरची एकच बाई सोबत राहू शकते, तिचे नाव आत्ताच सांगून ठेवा. मी पर्समधून माझे आधार कार्ड काढून हातात धरले होते. ऋतुजा म्हणाली, "सखूबाई. सावनेर. माही सासू." बाहेर आल्यावर मी कारण विचारले, मी कारण विचारणारच. ती माझा हात धरून पायऱ्या उतरत होती. "तू आत असली तं मी नीट वागत बसीन, मावशी," ती म्हणाली, "अन् मले तिथं ओरडायचं हाये." या युक्तिवादात मला कुठेही दोष सापडला नाही. डॉक्टरांनी या आठवड्यात कधीही म्हटले आहे, म्हणून कुशलसोबत आजच निघ. तुझ्यासाठी आतली खाट मोकळी केली आहे. हॉस्पिटलात तू तिच्याजवळ राहा. मी दाराबाहेरच्या बाकावर बसेन.

तुझीच,
वंदना